आईच्या भीतीवर उपासाचं औषध

बहात्तर सालचा दुष्काळ, जामखेडकडचं आमचं गाव... मी तेव्हा दहा वर्षांची होते. आज साठी उलटली, पण त्या दिवसांचा राग काही उतरलेला नाही.

आईला तेव्हा घाबरं व्हायचं. भाकरी थापता थापता छाती धडधडायची, हातपाय गार पडायचे, आणि 'माझं आता काही खरं नाही' म्हणत ती भिंतीला टेकायची. झोप तर नावालाही नाही.

गावातल्या देवऋषीनं उपाय सांगितला... गुरुवार धर. फरक नाही? मग सोमवारही धर. तरी नाही? मग शनिवार! त्या दिवशी पोटात काय, तर गुळाचा कोरा चहा.

बाकीच्या दिवशी तरी काय दिवे लागत होते? आधी पुरुष जेवणार, मग पोरं, मग सासू, आणि शेवटी सून. रेशनवर मिळणाऱ्या मिलोच्या, म्हणजे परदेशी लाल ज्वारीच्या भाकरी त्या, शेवटी उरणार काय, डोंबल?

म्हणजे बाई आधीच अर्धपोटी, आणि तिला औषध म्हणून आणखी उपास! सांगणारे मात्र स्वतः जेवून, ढेकर देऊन सांगत होते...

त्यात आजीनं, म्हणजे वडिलांच्या आईनं, एक दिवस सगळ्यांसमोर सुनावलं, "गुढीपाडव्यापत्तुर बरी झाली न्हाई तर माहेरी धाडायची. पोरं हितंच ऱ्हातील." वडील उठून बाहेर निघून गेले. त्या दिवसापासून आई आम्हा दोघी बहिणींचे हात झोपेतही सोडायची नाही.

मग गावापासून कोसभर पाझर तलावाचं सरकारी काम निघालं. दुष्काळात मानपान कुठला, आमच्यासारख्या जमीनवाल्या घरच्या सुनाही मातीच्या पाट्या उचलायला गेल्या. आईबरोबर मीही जायचे.

तिथं दुपारी सुकडी वाटायचे, पीठ आणि गुळाची. वाटायला आमच्याच गावच्या शेवंतामावशी होत्या, आवाज असा की अख्खं काम ऐकेल. पहिल्याच गुरुवारी आईनं हात मागं घेतला... "मावशी, उपास हाय माझा."

"उपास तुझ्या घरी! हितं डोक्यावर पाटी हाय. आदी खा, मग पाटीला हात लाव."

आई आपला वाटा माझ्याकडं सरकवायला लागली. मावशींनी तिचं मनगट धरलं, मला वेगळी मूठभर सुकडी दिली, आणि आईनं शेवटचा घास खाईपर्यंत समोरून हलल्या नाहीत. आई रडत रडत खात होती... आता देव कोपणार म्हणून. कुठला देव कोपला नाही.

मग रोजच तसं व्हायला लागलं. रोजची चाल, अंगमेहनत, उघडं रान, बायकांच्या चेष्टामस्कऱ्या आणि पोटात अन्न. दुष्काळाचं कौतुक नाही करत मी, पाठ मोडायची त्या कामानं. पण लाज वाटते सांगायला... माझी आई पहिल्यांदा रोज दुपारी जेवत होती ती दुष्काळात. दोन महिन्यांत धडधड कमी झाली. ती झोपायला लागली, आणि एकदा तर चक्क मोठ्यानं हसली.

पाडवा आला. आजी शेजारणींना सांगत सुटली, "उपास फळले माझ्या सुनंचे!" एवढ्यावर थांबेल तर ती आजी कसली... आईला म्हणाली, "आता मंगळवार बी धर. म्हंजी पुन्हा व्हायचं न्हाई."

मी आईकडं बघितलं. ती सरळ आजीकडं वळली.

"आत्याबाई, दोन महिनं मी एक बी उपास धरला न्हाई. समदे मोडले. रोज खाल्लं, म्हनून बरी झाले."

"पाप केलंस गं!"

"व्हय. आन् हितून पुढं बी करनार."

माहेरी धाडायचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. ती बरी झालेली सगळ्या गावानं पाहिली होती.

सगळीच भीती उपाशीपणातून येते, असं मी म्हणत नाही. आईला पुढंही कधीमधी त्रास झाला, नगरच्या डॉक्टरांची औषधंही झाली, आणि ती घ्यायलाच हवीत. पण आजही एखाद्या घाबरलेल्या बाईला कुणी 'एखादा वार धर' म्हणालं की माझं पित्त खवळतं.

शेवंतामावशी, तुमचे उपकार फिटायचे नाहीत. एवढ्या मोठ्या गावात तुम्ही एकट्याच निघालात, ज्यांनी माझी आई जेवली की नाही ते बघितलं...