गोपाळला जास्त का?

“अठ्ठेचाळीस आंबे राम आणि गोपाळ यांच्यात तीनास पाच या प्रमाणात वाटा.”

एवढं वाचून झालं की सुमनआत्या पेन्सिल वहीवर आडवी ठेवायची. आदळायची नाही. देवापुढे निरांजन ठेवावं तशी हलकेच ठेवायची आणि म्हणायची, “पयलं मला सांग, गोपाळला जास्त का?”

“आत्या, पुस्तकात तसं दिलंय.”

“पुस्तकात कोणी दिलंय?”

“ज्यानं पुस्तक लिहिलं त्यानं.”

“त्याचा गोपाळ कोण लागतो?”

इथे माझ्या अध्यापनाचा पहिला दिवस संपला. दुसरा आणि तिसराही इथेच संपला. मी तेव्हा शहापूरच्या कॉलेजात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होतो, म्हणजे आमच्या घरातला गणितज्ञ होतो. पहिल्या वर्षाचा एक विषय राहिला होता, पण ते मी घरी सांगितलं नव्हतं, आणि किन्हवलीच्या अलीकडच्या आमच्या गावात निकाल बघायला कोण येतंय?

सुमनआत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लग्न होऊन मुरबाडच्या बाजूला गेली होती. नवरा लवकर वारला, मूलबाळ नव्हतं, ती परत आली आणि गावातल्या अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागली. झाडणं, पाणी भरणं, पोरांना घरून उचलून आणणं, खिचडी शिजवणं ही तिची कामं. शिकवायच्या, वजन करायच्या आणि रजिस्टर भरायच्या त्या सेविकाबाई. त्यांच्या यजमानांची बदली झाली आणि त्यांची जागा रिकामी होणार असं कळलं. जागेसाठी दहावी पास बाई हवी होती. पोलीस पाटलांची नवी सून दहावी पास होऊन आलेली होती. अंगणवाडीतली सगळी पोरं ज्या बाईच्या कडेवर वाढली ती मात्र दहावी नापास होती, आणि फक्त गणितात. बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरून मार्चात बसली तेव्हा बाकी सगळे विषय सुटले होते. आता ऑक्टोबर ही शेवटची संधी. नाहीतर पाटलांची सून खुर्चीवर आणि आत्या तिच्या हाताखाली पुन्हा झाडू घेऊन.

“दिल्या, पेपरात ह्या वाटण्याच लई येतात,” ती मला म्हणाली होती. “तेवढं गुणोत्तर बसव माज्या डोक्यात. बाकीचं मी पाठ करते.”

बाकीचं तिनं खरंच पाठ केलं. प्रमेयं तर ती आरतीच्या चालीवर म्हणायची. गुणोत्तराशी मात्र तिचं भांडण होतं आणि त्या भांडणात वकील म्हणून मी सापडलो होतो.

एका संध्याकाळी मला वाटलं, आपण उगाच पुस्तकातून शिकवतोय. बाई रोज खिचडी करते, तिला प्रमाण हातानं ठाऊक असणार. मी मोठ्या समंजसपणे विचारलं, “आत्या, तांदूळ एक भाग असला तर पाणी किती भाग घालतेस?”

“कोण मोजतंय? पातळ झाली तर पोरांना पितळीत देते, घट्ट झाली तर हातावर.”

ओट्यावर बसलेले बाबा हसले. “सोड तिचा नाद,” म्हणाले. “लहानपणी आई आमाला भाकरी द्यायची तेव्हापासून ही अशीच. मला अर्धी जास्त दिली की ही विचारायची, का?”

“मग सांगितलं का तुमी कधी?” आत्या म्हणाली.

बाबा उठले. त्यांना गुरांकडे बघायचं आठवलं.

मग मी वैतागून एकदा म्हणालो, “समज, रामाच्या घरी तीन माणसं आहेत आणि गोपाळच्या घरी पाच. आता तरी वाटशील?”

आत्यानं पेन्सिल उचलली. “म्हंजे आठ माणसं. एकाला सहा आंबे. रामाकडं अठरा, गोपाळकडं तीस.” मग तिनं माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच इतके दिवस गणित अडवून धरलं होतं. “आसं पयलंच बोल ना. उगाच टाइम घालवलास.”

तेव्हापासून माझं काम बदललं. मी गणितं सोडवायची नाहीत, गणितांना कारणं पुरवायची. दोरी दोनास सात या प्रमाणात कापली, का? लहान तुकडा वासराला, मोठा विहिरीला. अ आणि ब यांनी काम वाटून घेतलं, अ-नं जास्त केलं, का? तर ब-ला ताप होता. “ह्यांच्या आईबापांनी ह्यांना धड नावं पण नाय ठेवली,” असं म्हणून तिनं अ-चं नाव अनंता आणि ब-चं बबन ठेवलं. पुढे बबनच्या तापाची ती इतकी काळजी करायला लागली की दुसऱ्या गणितात ब-नं जास्त काम केल्यावर तिला बरं वाटलं. वयांच्या गणितात मात्र ती एकदाही अडली नाही. कोण आधी जन्मलं याला कोणाचा इलाज नाही, असं तिचं म्हणणं. पितळेत तांबं किती नि जस्त किती, हेही तिनं मुकाट्यानं केलं. “धातू भांडत नायत,” ती म्हणाली.

मी तिला विनवून सांगितलं, “आत्या, परीक्षेत कारण सांगायला मी नसेन. तिथं गणित येईल तसं सोडवायचं. गणितात ‘समजा’ म्हणतात. समजा म्हणायचं आणि पुढे जायचं.”

“समजा,” ती म्हणाली. शब्द तिला आवडलेला दिसला. मला तेव्हाच धोका कळायला हवा होता.

परीक्षेचं केंद्र मुरबाडला होतं. भातं कापणीला आली होती, तरी बाबांनी मला एसटीनं तिच्याबरोबर धाडलं. पेपर सुटल्यावर ती फाटकातून बाहेर आली ती सरळ रसवंतीच्या बाकावर बसली.

“वाटणीचं आलं होतं?”

“आलं ना. दोन गावांना बहात्तर रोपं, चारास पाच.”

“बत्तीस आणि चाळीस,” मी म्हटलं. तेवढ्यापुरता मी हुशार होतो.

“तेच लिवलं. पण पयलं त्या मास्तरांना विचारलं, दुसऱ्या गावाला जास्त का म्हणून.”

“वर्गातल्या सुपरवायझरला?”

“त्यांना पण ठाऊक नव्हतं. बोलले, बाई, खाली बसा.” तिनं रसाचा ग्लास तोंडाला लावला. “मग मीच लिवलं. समजा दुसऱ्या गावात सावली कमी आहे. म्हणून बत्तीस आणि चाळीस.”

मी कपाळाला हात लावला. परतीच्या एसटीत मी तिच्याशी शेणवा येईपर्यंत बोललो नाही. म्हणजे आपल्या गावाच्या पुढे गेलो, कारण रागाच्या भरात मला उतरायचं सुचलं नाही, आणि आत्याला वाटलं, शिकलेला माणूस आहे, काहीतरी काम असेल.

आत्या पास झाली. काठावर, पण पास. तपासणाऱ्यानं सावलीचे मार्क दिले की माफ केले, कोण जाणे. पाटलांच्या सुनेनं शिवणाचं मशीन घेतलं आणि सुमनआत्या अंगणवाडीच्या खुर्चीवर बसली. बसली म्हणजे खुर्चीवर रजिस्टरं ठेवली आणि स्वतः पोरांत खाली बसली.

मी नोकरीला लागल्यावर एकदा तिच्या अंगणवाडीत गेलो होतो. आढ्याला वजनाचा काटा टांगलेला, झोळीत एक पोर लोंबकळून रडतंय. ज्यांचं वजन फार कमी भरायचं त्या मुलांना आहार दुप्पट द्यायचा असा नियम होता. एक आजी दारात कंबरेवर हात ठेवून उभी होती.

“सुमन, माज्या नातवाला एक पळी नि त्या कातकऱ्यांच्या पोरीला दोन? का गो?”

मला वाटलं, आता जुंपली. पण आत्याचा चेहरा असा उजळला की जन्मभर या प्रश्नाची वाट बघत होती. तिनं आजीचा हात धरला, काट्याजवळ नेलं, त्या पोरीला झोळीत घातलं आणि काटा दाखवला. मग नातवाला घातलं आणि पुन्हा काटा दाखवला. “आता बोल, काकी. दोघांना एक एक पळी देऊ?”

आजी काट्याकडे बघत राहिली. “नको,” म्हणाली. “दे तिला.” जाताना मात्र पुटपुटली, “सांगायचं ना पयलंच.”

“विचारलंस म्हणून सांगितलं,” आत्या म्हणाली.

इथपर्यंत ठीक होतं. पण गुणोत्तर एकदा हाती लागल्यावर ते तिनं घरात आणलं. तळलेल्या मासळीच्या तुकड्या पानात पडताना माझ्या पोटाकडे बघून माझं प्रमाण ठरायला लागलं. आणि वाल. भात निघाल्यावर आमच्या शेतात वाल पेरतात. ते निघाले की आत्या दोन पिशव्या भरायची. एक माझी, मी शहापूरला बिऱ्हाड केलं होतं. दुसरी माझा धाकटा भाऊ विजय याची, तो सापगावला राहायचा. विजयला तीन पायल्या, मला दोन. दर वर्षी. मी थोरला, मी तिला गणित शिकवलेलं, आणि मला दोन. मी काही बोलत नसे. रस्ताभर मात्र बायकोला ऐकवत असे, आणि ती म्हणायची, “मला काय सांगता, त्यांना विचारा.” विचारणं मला कमीपणाचं वाटायचं.

शेवटच्या वर्षी आत्या अंथरुणाला खिळली होती. माप मला घ्यायला सांगितलं. विजयच्या पिशवीत तिसरी पायली ओतताना माझ्या तोंडून गेलं, “आत्या, विजयला जास्त का?”

ती उशीवरून हसली. “किती वर्षं लावलीस रे दिल्या.”

“सांग आता.”

“वाल भिजवायचे, मोड काढायचे, एक एक दाणा सोलायचा, तेव्हा बिरडं होतं. विजय नि त्याची बायको संध्याकाळी दोघं सोलत बसतात. तुजी बायको नोकरीवरनं येऊन एकटी सोलते नि तू पेपर वाचतोस. तिला तीन पायल्या कशाला देऊ, सोलून सोलून मरायला?” जरा दम घेऊन म्हणाली, “तू सोल. पुडच्या साली तुज्या पण तीन.”

पुढच्या साली ती नव्हती. वाल मात्र झाले. मधल्या काळात मी सोलायला बसायचो, अंगठ्याचं नख हिरवं व्हायचं, निम्मे दाणे माझ्या हातून मोडायचे आणि बायको ते हळूच बाजूला काढायची.

अंगणात ढीग घालून मी आणि विजय बसलो होतो. विजयला शेवटची एसटी गाठायची होती.

“दादा, आता काय तीन नि दोन. निम्मं निम्मं करून टाक.”

“का?”

“का म्हंजे? सारखं वाटायचं, त्याला का कशाला पायजे?”

“कारण सांग.”

“आत्यासारखं करू नको, दादा. गाडी जाईल माझी.”

मी पायली ढिगाशेजारी हलकेच आडवी ठेवली.