न मानता वाचलेली पोथी

भाऊजी गेले त्या सकाळी घरी जमलेल्या बायका डोळे पुसत एकमेकींना सांगत होत्या, "शेवटी देव आठवला मास्तरांना. पोथी ऐकत ऐकत गेले." ते ऐकून त्यांना बरं वाटत होतं. मला मात्र ऐकवेना… आज महिना उलटला, तरी मनातून जात नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर शिवलिंगप्पा. शाळेत मास्तर, लग्न केलं नाही. मी लग्न होऊन सोलापुरात आले त्याच वर्षी त्यांनी आम्हा लिंगायतांत जन्मभर गळ्यात घालायचं ते लिंग काढून सासूबाईंच्या हातात ठेवलं. "अव्वा, मन न्हाई तर नुसतं गळ्यात घालून तुला फसवू का?" अव्वा कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत, ताट मात्र रोज स्वतः वाढत होत्या. पुढे मामंजी वारले, अव्वांची दृष्टी गेली आणि संध्याकाळचं पोथीवाचन बंद पडलं. मला अक्षरओळख नव्हती, यांना कापडदुकानातून सवड नव्हती. एका संध्याकाळी भाऊजींनीच पोथीचं फडकं सोडलं. अव्वा ताठ झाल्या.

"तू देव मानत न्हाईस, तू कशाला वाचतोस?"

"तुला ऐकायचंय, मला वाचता येतंय. बास की."

अव्वा हसल्या नाहीत, पण उठूनही गेल्या नाहीत. भाऊजींचा आवाज खणखणीत. शेजारच्या बायकाही येऊन बसू लागल्या. वाचता वाचता ते मध्येच थांबून पोथीशी भांडत. एकदा कथा आली, व्रत मोडलं म्हणून सासूनं घराबाहेर काढलेल्या सुनेची. "ह्यात पोरीची काय चूक?" भाऊजींनी विचारलं. अव्वा म्हणाल्या, "पुढं वाच की. देव आणतोय तिला परत." "आणतोय, पण आधी घालवतोय कशाला?" दुसऱ्या दिवशी पोथी सुरू व्हायच्या आधी म्हणाल्या, "खरंय तुजं. चूक सासूची हाय." त्या दिवसापासून घरातल्या सगळ्यांची जेवणं होईपर्यंत मला उपाशी थांबावं लागलं नाही. अव्वा मला हाताला धरून शेजारी बसवत.

भाऊजी पोथी वाचतात ही गोष्ट मठातल्या स्वामींच्या कानावर गेली. ते घरी आले. "गळ्यात लिंग नाही आणि पोथीला हात लावतो! निदान नमस्कार करून तरी वाच." भाऊजी मान खाली घालून उभे राहिले, पण हात जोडले नाहीत. बोलल्या त्या अव्वाच. "खोटा नमस्कार कशाला करायला लावताय त्याला? मला त्याचं वाचणं खरं वाटतंय, तेवढं पुरे."

अव्वा गेल्यावर भाऊजींनी त्याच पोथीवर मला वाचायला शिकवलं. दुःखाचा प्रसंग आला की ते बाहीनं डोळे पुसायचे. मी एकदा धीर करून विचारलं, "मानत नाही म्हणता, मग डोळ्यांत पाणी का?" तर म्हणाले, "देवाचं मला म्हाईत न्हाई वहिनी. पण हे दुःख कुणीतरी सोसल्याबिगर लिहिलेलं न्हाई."

यंदा छातीच्या दुखण्यानं ते अंथरुणाला खिळले, तेव्हा म्हणाले, "वहिनी, आता तुमी वाचा." एका संध्याकाळी भस्म लावताच रोगी उठून बसल्याची कथा होती. भाऊजी हसले, हसताना ढास लागली. "ह्याला एवढ्यात बरा केला, आणि मला लटकत ठेवलंय. विचारा की जरा." दुसऱ्या दिवशी पहाटे ते गेले.

माझ्या मातीत मंत्र नको, असं त्यांनी यांना आणि मला बजावलं होतं. पण स्वामी म्हणाले, "शेवटी पोथी ऐकली ना? मग लिंग घालू, विधीनं माती देऊ." यांचंही मन तिकडेच ओढत होतं, पाठचा भाऊ तो. यांनी माझ्याकडे पाहिलं. चार पुरुषांत मी कधी तोंड उघडलं नव्हतं. म्हटलं, "ऐकली, पण मानली नाही. काल संध्याकाळपर्यंत भांडत होते तिच्याशी. आता बोलता येत नाही म्हणून त्यांना खोटं पाडू नका."

यांनी भाऊजींच्या अंगावरची चादर नीट केली. मग म्हणाले, "तसंच होऊ दे." स्वामी रागावून जातील असं वाटलं होतं, ते गेले नाहीत. मंत्र न म्हणता त्यांनीही मूठभर माती टाकली.

परवा हे दुकानातून लवकर आले. इतक्या वर्षांत पोथीला कधी बसले नव्हते. भाऊजींच्या खोलीत जाऊन भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, "वाच… आणि तो कुटं कुटं भांडायचा, ते बी सांग."

मी पान उघडलं. पहिल्याच ओवीला थांबावं लागलं; भाऊजींचं पहिलं भांडण तिथंच होतं.