कढईतून काढलेले फोटो

परवा नांदूरघाटजवळ एका गुऱ्हाळावर थांबलो. उकळत्या रसाचा वास नाकात गेला आणि मला, कुणाचा विश्वास बसणार नाही, करकोचे आठवले.

वीसेक वर्षांपूर्वी त्यांचे फोटो काढायला मी माजलगाव धरणावर गेलो होतो. तिथं होडी नव्हती. मासे धरणारे दगडूमामा गुळाच्या जुन्या कढईत बसून, बांबूनं रेटत पाण्यात जायचे. त्यांनी मलाही तिच्यातच बसवलं. तापलेल्या लोखंडाला अजून गुळाचा वास येत होता. कढई सारखी गोल फिरायची. करकोचे समोर यायचे आणि मी बटण दाबेपर्यंत पाठीमागं जायचे.

"हलू नका, सायेब. जरा हाललं की ही फिरती," मामा हसत म्हणायचे.

रोलमधला शेवटचा फोटो उरला तेव्हा ते म्हणाले, "एक हितला काढा की."

समोर नुसतं पाणी. "इथं काय आहे?"

"आमचं आंगण व्हतं. धरणात गेलं."

मी मनातल्या मनात चरफडत बटण दाबलं.

रोल धुऊन आला तर सगळे करकोचे पुसट. पाण्याचा तो फोटो तेवढा लख्ख, लाट न् लाट दिसणारा. मामांना प्रत दिली. बराच वेळ बघून ते म्हणाले, "बराबर हाय. हेच ते."

तो एकच कसा साधला, याचं नवल मला इतकी वर्षं वाटायचं. परवा रस पिताना आठवलं. त्या फोटोपुरता मामांनी हातातला बांबू तळाशी घट्ट रोवला होता, आणि कढई त्यांच्या अंगणात स्थिर उभी होती.