कुठवर आलीस?

वाचायला वेळ काढावा लागतो, असं कुणी म्हणालं की अजूनही माझं डोकं फिरतं. डोंबलाचा वेळ! काढायचा म्हणजे कुठून? डाळीच्या डब्यात ठेवलाय का, हात घातला आणि मूठभर काढला? हे सांगणारे बहुतेक पुरुष असतात, आणि ते सांगत असतात तेव्हा त्यांची बायको आत पोळ्या लाटत असते. मी हे रागानं लिहितेय, कळतंय मला. पण माझ्या वडिलांना माझ्याकडून एकच गोष्ट हवी होती, मी एक पुस्तक वाचून पुरं करावं, बस्स, आणि ती मला काही केल्या जमेना. तेव्हा उपदेश दुसऱ्या कुणाला करावा.

मी वाढले दिल्लीत, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. दोन खोल्या आणि पुढे गवताचा एक तुकडा. बाबा मंत्रालयात कारकून. संध्याकाळी ऑफिसं सुटली की कॉलनीतल्या सगळ्या सायकली एकदमच परत यायच्या, आणि चहा झाला की बाबांची उरलेली संध्याकाळ मोकळी. तेव्हाच्या दिल्लीत आमच्यासारख्यांनी करावं असं होतं तरी काय? मराठी मंडळाच्या वाचनालयातून ते एक पुस्तक आणायचे, आणि ते एकच पुस्तक आम्ही तिघं आळीपाळीनं वाचायचो. आधी बाबा, मग मी, शेवटी आई.

आमच्या घरात एक नियम होता. तिघांचं वाचून होईपर्यंत त्या पुस्तकाबद्दल अवाक्षर काढायचं नाही. 'बरं आहे' एवढंसुद्धा नाही. आईचं झालं की येणाऱ्या रविवारी पोह्यांच्या बशा घेऊन गवतावर बसायचं आणि मग काय ते बोलायचं. आई सगळ्यात सावकाश. ती स्टोव्हपाशी पाटावर बसून वाचायची, एका हातात पुस्तक, दुसऱ्यात डाव. पानांना हळद लागायची आणि वाचनालयवाले बाबांना बोलायचे. बाबांना तर धीर कसला तो नाही. सारखे स्वयंपाकघराच्या दारात यायचे आणि विचारायचे, "कुठवर आलीस?" आई वर न बघता पान सांगायची आणि मुद्दाम आणखी सावकाश वाचायची. माझी पक्की खात्री आहे, मुद्दामच.

त्या रविवारी मात्र बाबा वेगळेच असायचे. ऑफिसात साहेबापुढे तोंड शिवून बसणारा हा माणूस तिथे तावातावानं भांडायचा, आईची टर उडवायचा, आणि एखादी जागा आठवून इतका मोठ्यानं हसायचा की शेजारची पंजाबी मावशी कुंपणावरून विचारायची, आज काय झालं? आई म्हणायची, काही नाही, किताब संपली.

पुढे आई गेली. बाबा निवृत्त झाले आणि क्वार्टर सोडावं लागलं. तोवर माझं लग्न होऊन मुलगी शाळेत जायला लागली होती. मी आणि माझ्या नवऱ्यानं गाझियाबादला एका सोसायटीत फ्लॅट घेतला आणि बाबांना तिथेच नेलं. देशाची दारं उघडली, असं जो तो म्हणत होता, ते हे दिवस. आमच्या घराचं दार उघडून नवरा जो बाहेर पडला तो रात्रीच परत यायचा. सरकारी नोकरी सोडून त्यानं नोएडाला प्रायव्हेट कंपनी धरली होती. पगार वाढला, माणूस दिसेनासा झाला. माझं ऑफिस कस्तुरबा गांधी मार्गावर. तिथे कॉम्प्युटर आले. काम हलकं होईल म्हणाले होते. झालं असं की जागा रिकाम्या झाल्या त्या भरल्याच नाहीत आणि त्या टेबलांची कामं माझ्या टेबलावर आली. सकाळी चार्टर्ड बस पकडायची, यमुना ओलांडायची, संध्याकाळी तीच बस, तीच यमुना. घरी यावं तर लाइट गेलेली, पाण्याचा टँकर आलेला, बादल्या माझी वाट बघत रांगेत.

बाबा दिवसभर तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत. समोर अर्धवट बांधलेल्या इमारती आणि त्यापलीकडे थोडी उरलेली शेतं. खाली बाकावर त्यांच्याच वयाची माणसं बसायची, पण ती प्लॉटचे आणि शेअरचे भाव बोलायची. बाबांशी मराठीत बोलायला संध्याकाळपर्यंत कुणी नाही. आणि संध्याकाळी मी. मी काय बोलणार? गोळी घेतलीत का, टाकी भरली का, दूधवाला येऊन गेला का.

अशात त्यांनी पुण्याहून एक कादंबरी मागवली. चांगली जाडजूड. निम्मी झाली असेल, आणि त्यांच्या डोळ्यांचं दुखणं निघालं. डोळ्याच्या पडद्याचं काहीतरी. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, कडेचं दिसत राहील, नेमकं समोरचं जाईल, आणि यावर इलाज नाही. माझा चेहरा त्यांना दिसायचा नाही, माझ्या मागची भिंत दिसायची. अक्षरांचं तर विचारायलाच नको. बाबांनी त्रागा केला नाही. एवढंच म्हणाले, "बाकी काही नाही गं, हे एवढं पुस्तक पुरं व्हायला हवं होतं."

मी म्हटलं, मी वाचून दाखवते की, त्यात काय. किती सहज बोलून गेले! पहिल्या संध्याकाळी अर्धं पान झालं आणि कुकरनं शिट्टी दिली. दुसऱ्या दिवशी दारावर केबलवाला. मग लाइट गेली. मेणबत्तीशी वाचायला बसले तर अक्षरं नाचायला लागली आणि मी बसल्या बसल्या पेंगले. जाग आली तेव्हा बाबा चाचपडत माझ्या अंगावर शाल घालत होते. म्हणाले, राहू दे, दमलीस. असं आठवडेच्या आठवडे चाललं. मी हात टेकले.

उन्हाळ्याच्या सुट्टीत लेकीनं ते काम अंगावर घेतलं. सातवीत होती. मराठी तिनं कधी वाचलं नव्हतं, पण शाळेत हिंदी होतं, अक्षरं तीच. मी ऑफिसला गेले की ती आजोबांच्या शेजारी वेताच्या मोढ्यावर बसून वाचायची, हिंदीच्या तासाला धडा वाचतात तसं, एका सुरात, कुठेही न थांबता. डोळे असेल तिथे डोले. निम्मे शब्द तिला कळायचे नाहीत, ती विचारायचीही नाही. पण चिकाटीची पोर. कूलरसमोर बसून दोघांनी दुपारमागून दुपार घातली, आणि सुट्टी संपायच्या आत पुस्तक संपलं.

त्या संध्याकाळी मी आले तर बाबांचा चेहरा मला कितीतरी वर्षांनी रविवारच्या पोह्यांसारखा दिसला. मी पर्स टाकली आणि विचारलं, काय झालं हो शेवटी? बाबांनी तोंड उघडलं, आणि मिटलं. मग म्हणाले, "तू वाच. मग बोलू."

मला हसू आलं आणि रडूही. अहो बाबा, आता कसला नियम, आई नाही, गवत नाही. पण ते ऐकेनात. म्हणाले, तुझी आई स्टोव्हपाशी वाचायची, तेव्हा थांबलोच ना? आणि मग त्यांनी पुस्तक माझ्या हातात दिलं. त्यांचं बोलायचं अडलं होतं. नवरा पुस्तकाच्या वाटेला जाणारा नाही, लेकीनं वाचलं पण तिला उमगलं नव्हतं. आख्ख्या गाझियाबादमध्ये त्या पुस्तकाबद्दल बाबांशी बोलू शकेल असं एकच माणूस होतं, आणि त्याला उसंत नव्हती.

चार्टर्ड बसमध्ये वाचेन, असं मी ठरवलं. जाऊन-येऊन चांगले दोन-अडीच तास. हसू नका. त्या बसमध्ये कधी बसला असाल तर कळेल. रोजची तीच माणसं, ठरलेल्या जागा, म्हणजे ते दुसरं सासरच. मागे पत्ते, मध्ये स्वेटरं, पुढे भजनं. कुणाला मुलगा झाला की समोसे, कुणाला फ्लॅट लागला की बर्फी. मी पुस्तक उघडलं की शेजारची विचारायची, कशाचा एक्झाम देतेयस? कुठल्या परीक्षेचं नाही म्हटलं की तिला माझी कीव यायची. थंडी पडली की मग तर बघायलाच नको, बायका पिशव्या भरभरून मटार आणायच्या आणि यमुनेच्या पुलापर्यंत बसभर सोलणं चालायचं. कुणाचे मटार आहेत ते बघायचं नाही, सगळ्यांनी सोलायचे. रिकामी बसलेली बाई त्यांना बघवत नसे, आणि वाचणारी बाई म्हणजे रिकामीच. माझ्या उघड्या पुस्तकावर कुणीतरी शेंगांचा ढीग ओतायचं आणि म्हणायचं, "छोड़ो यार, मटर छीलो."

तेही वाईट नव्हतं म्हणा. घरी गेल्यावर माझे मटार सोललेले असायचे.

दुपारच्या सुट्टीत वाचून पाहिलं, तर बँक, रेशन, मुलीची फी. पहाटे उठून पाहिलं, तर त्याच वेळेला पाणी यायचं. आणि एवढं करून कधी पाच-सहा पानं सलग मिळालीच, तर मनच ठरेना. डोळे ओळीवरून फिरायचे आणि डोक्यात भाजी काय करायची ते चालू. लहानपणी हाक मारली तरी ऐकू यायचं नाही अशी वाचणारी मी. मग आधीच्या दिवशीचं विसरलेलं, म्हणून चार पानं मागे जायचं. कधीकधी पुढे जाण्यापेक्षा मागेच जास्त गेले.

आणि रोज संध्याकाळी दारात चप्पल काढते न काढते तोच बाल्कनीतून प्रश्न. "कुठवर आलीस?" मी खरं तेच सांगायची. बाबा 'अच्छा' म्हणायचे आणि आता पुढे काय येणार ते आठवून त्यांचा चेहरा खुलायचा. कधी न राहवून, "त्यात तो घोडेवाला..." असं सुरू करायचे आणि स्वतःच्याच तोंडावर हात ठेवायचे. मी एकदा चिडले. म्हटलं, सांगून टाका ना एकदाचं, मला काही होत नाही त्यानं. ते म्हणाले, "मला होतं ना."

पौषातल्या धुक्यात बाबांना न्यूमोनिया झाला. वेळ कुठे असतो ते मला तेव्हा कळलं. हॉस्पिटलात असतो. ऑफिसनं रजा दिली, शेजारणींनी डबे दिले, मुलीला सांभाळलं, ना कुकर ना टँकर ना मटार. कॉटशेजारच्या स्टुलावर बसून मी सलग, पूर्वीसारखं वाचलं. घोडेवाला आला आणि गेलाही. बाबांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. बोलता येत नव्हतं. मी पान उलटलं की आवाजानं त्यांचे डोळे उघडायचे, आणि ते बोटं हलवून विचारायचे. मी कानाशी वाकून पान सांगायची. ते मान हलवायचे. मी आणखी भराभर वाचायची. मला वाटत होतं, माझं वाचून होईपर्यंत ते थांबतील. ते नेहमी थांबायचे.

शेवटची थोडीशी पानं राहिली होती. सकाळी मी चहा घेऊन परत आले तर नर्स मास्क काढत होती.

ती पानं मी तेराव्यानंतर वाचली. पुस्तक मिटलं, सवयीनं बाल्कनीकडे पाहिलं, आणि मग लेकीला हाक मारली. विचारलं, तुम्ही दोघं वाचत होता तेव्हा आजोबा काही बोलायचे का गं? ती म्हणाली, नाही, चुपचाप ऐकायचे. मग तिला आठवलं. एका पानावर त्यांनी तिला थांबवलं होतं. तेच पुन्हा वाचायला लावलं, मग आणखी एकदा, आणि ते इतके मोठ्यानं हसले की वरचे अंकल बाल्कनीतून वाकून बघायला लागले. मग डोळे पुसत म्हणाले, हे तुझ्या आईला सांगायचंय, तिचं वाचून झालं की.

मी विचारलं, "कुठलं पान?"

"मला याद नाही, आई. मला तर समजतच नव्हतं."

त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. मेट्रो आली, चार्टर्ड बस बंद झाली, मी निवृत्त झाले, लेक बंगलोरला गेली. घोडेवाल्याची पानं पुन्हा पुन्हा वाचली, ती नसावीत, ती हसण्यासारखी नाहीत. त्या पुस्तकात मोठ्यानं हसावं असं मला अजून काही सापडलेलं नाही. सकाळचा चहा झाला की बाल्कनीत बसते, निम्म्यापासून पुढचं एकेक पान मोठ्यानं वाचते, पुन्हा वाचते, आणि पुन्हा एकदा.