मालोजींचा दुष्काळ

बनशंकरीच्या मालोजींनी अठ्ठावीस वर्षं चिखल धुतला. बेंगळुरूच्या एका संशोधन संस्थेत ते प्रयोगशाळेतले मदतनीस. तळ्याच्या तळचा गाळ आम्लात उकळायचा आणि उरलेले परागकण काचेवर घ्यायचे. त्यावरून चार हजार वर्षांपूर्वी रान कसलं होतं, पाऊस किती पडायचा, हे साहेबलोक जगाला सांगणार. काच मालोजींची, नाव साहेबांचं. एकाही शोधनिबंधात आभारापुरतासुद्धा त्यांचा उल्लेख झाला नाही.

या खेपेला मात्र पुण्याहून आलेल्या ध्रुव सरांनी शब्द दिला होता. कारण सरांना गाळात चक्क दुष्काळ सापडला होता! मधल्या एका थरात काटेरी परागांची नुसती रेलचेल. म्हणजे रान आटलं, खुरटी झुडपं माजली. "अण्णा, ह्या पेपरमध्ये तुमचं नाव डेफिनेटली," सर म्हणाले. मालोजींच्या बायकोने, अंबुबाईंनी, लगेच बेंगळुरूतल्याच शिवाजीनगरहून फ्रेम आणली. निवृत्तीला दोन महिने उरले होते.

तेवढ्यात मालोजींना स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायची बुद्धी झाली. तो काटेरी कण त्यांना ओळखीचा वाटला. आयुधपूजेचा वाळका हार कपाटावर लटकतच होता. त्यातला एक झेंडू त्यांनी काचेवर झटकला. हुबेहूब तोच कण!

पूजेच्या दिवशी विज्ञानाची सगळी हत्यारं हारांनी मढवली होती. तळ्यातून काढलेल्या गाळाची नळी उभी चिरून टेबलावर ठेवली होती; तिच्यावर मधोमध हार घालायला लावला तो सरांनीच. "हिलाही घाला अण्णा, पेपर हिच्यावरच आहे." एरवी देवधर्म म्हटलं की नाक मुरडणारे सर तेव्हा डोळे मिटून उभे होते.

दोन दिवस मालोजींना जेवण गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी सांगून टाकलं.

सरांचा चेहरा उतरला. "अजून कोणाला बोललात?"

"कोनाला नाय सर. पन तुमी स्वल्प बघा की. खोटं नको छापायला."

निबंध दुष्काळाशिवाय छापून आला. चूक आपणहून कबूल केली म्हणून सरांचं केवढं कौतुक झालं! आणि सर शब्दाचेही पक्के. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात होतं: 'मदतनीस मालोजी यांच्या निष्काळजीपणामुळे एका थरात झेंडूचे पराग मिसळले. तो थर वगळला आहे.'

अंबुबाईंना इंग्रजीतलं नवऱ्याचं नाव तेवढं वाचता येतं. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं आणि पान फ्रेममध्ये बसवलं.

"काय लिवलंय हो?"

"आभार मानलेत," मालोजी म्हणाले, आणि खिळा ठोकायला स्टुलावर चढले.