पांढरा बोका आणि बाबांचं कद

आमच्या घरात मी वकील आणि बाबा भिक्षुक. माझा कोट काळा, बाबांचं पूजेचं रेशमी कद गडद तांबडं, आणि आईने जिन्यातून उचलून आणलेला बोका पांढराशुभ्र. थंडीत काही बिघडलं नाही. होळी झाली, नाशिकचं ऊन तापायला लागलं आणि बोका झडू लागला. सोफ्यावर केस, उशीवर केस, पंखा लावला की पुंजके कोपऱ्याकोपऱ्यातून पळायचे. कोर्टात जायच्या आधी मी गाडीत बसून चिकटपट्टीने कोट साफ करायचे. बाबा नुसते चडफडायचे.

एक दिवस ते गोदाकाठाहून आले ते लालबुंद होऊन.

"आज यजमानाच्या हातावर तीर्थ दिलं, तर तो म्हणतो, गुरुजी, यात केस आहे! त्याची पोरं फिदीफिदी हसली. बास झालं. हे मांजर घरात नको."

"मग पोळ्याही तुम्हीच लाटा," आई म्हणाली आणि दोन दिवस बोलली नाही.

बाबांचे एक जुने यजमान चांदवडजवळ राहतात. त्यांच्या कांद्याच्या चाळीत उंदीर फार झाले होते, त्यांनी बोका ठेवून घ्यायला आनंदाने होकार दिला. रविवारी मी गाडी काढली. आई आली नाही, पण डब्यात दूधभात भरून दिला. टोपलीत बोका इतका ओरडला की नाशिकचा द्वारका चौक ओलांडायच्या आत बाबांनी झाकण उघडलं. तो सरळ त्यांच्या मांडीवर जाऊन बसला. मला वाटलं, खाली ढकलतील. पण ते खिडकीबाहेर बघत राहिले आणि थोड्या वेळाने एक हात त्याच्या पाठीवर ठेवला.

मळ्यात पोचलो तर चाळीजवळ दोन दांडगी कुत्री. ती भुंकली मात्र, बोका बाबांच्या धोतरावरून, पोटावरून थेट खांद्यावर चढला आणि मानेला चिकटला.

"घाबरू नका गुरुजी, दोन दिवसांत रुळंल. कुत्री लय गरीब हायेत," यजमान म्हणाले आणि हात पुढे केला.

बाबा एक पाऊल मागे सरले. "नको. याला कुत्र्यांची सवय नाही. आणि... घरी हिने जेवण सोडलंय."

आईने जेवण अजिबात सोडलं नव्हतं. मी तोंड फिरवून हसू दाबलं. चहा घेऊन, कांद्याची एक गोणी डिकीत टाकून आम्ही तिघंही परत निघालो. ओझरला बाबा म्हणाले, "जरा थांबव," आणि एका दुकानातून बारीक दातांची फणी घेऊन आले.

"डोक्यावर चार केस उरलेत, त्यासाठी?" मी विचारलं.

"गाडी चालव," ते म्हणाले.

आईने दार उघडलं, बोक्याला बघितलं आणि कणीक मळायला घेतली.

दुसऱ्या दिवसापासून घराला शिस्त लागली. बाबांचं कद घट्ट झाकणाच्या पेटीत गेलं. आई भांड्यांचे रबरी हातमोजे ओले करून सोफ्यावरून हात फिरवायला लागली. केसांच्या वळकट्या होऊन हातात येतात. आणि बाबा रोज आंघोळीच्या आधी, म्हणजे सोवळ्याचा प्रश्नच नको, गॅलरीत बसून बोक्याला विंचरू लागले.

"हं, मान वर. आता कूस बदल. पोट राहिलं, अहो महाराज, पोट!"

पोटाला तो हात लावू देत नाही. फणीच चावतो. केस घरात अजूनही सापडतात, परवा माझ्या अशिलाने वकीलपत्रावरून एक उचलून दिला. पण पूर्वीचा पाऊस राहिला नाही.

काल सकाळी बाबांनी मला हाक मारली. "अगं, इकडे ये, बघ आज केवढे निघाले!" त्यांच्या ओंजळीत पांढरा मऊ गोळा होता. शेजारी बोका सुस्तावून उन्हात पसरला होता. बाबांनी तो गोळा आईलाही दाखवला, मग कागदात गुंडाळून टाकला आणि खांद्यावर पंचा घेऊन गुणगुणत आंघोळीला गेले.