न शिंकणारा कल्लप्पा

सोलापूरच्या एका गिरणीत कापसाच्या गाठी फोडायच्या खात्यात कल्लप्पा बावीस वर्षं होता. गाठीच्या लोखंडी पट्ट्या तोडायच्या, दाबून बसलेला कापूस हातानं सोडवायचा, यंत्रात टाकायचा. एका पाळीत तो अकरा गाठी उरकायचा आणि माणसाची किंमतही त्याच मापानं करायचा. कापसाचं बारीक तूस नाकातोंडात जायचं, पण कल्लप्पा कधी शिंकला नाही. अंगावर कधी पित्त उठलं नाही. शिंकणं म्हणजे त्याच्या लेखी कामचुकारपणाच.

त्याच खात्यातला धोंडप्पा या मापात कुठंच बसत नव्हता. गाठ उघडली की डोळे लाल आणि लागोपाठ पंधरा-वीस शिंका. कापूस तिथंच. आठवड्यातून दोनदा तो गिरणीच्या दवाखान्याच्या रांगेत दिसायचा. शेवटी जॉबरनं, म्हणजे खात्याच्या मुकादमानं, त्याला कापडाच्या ठाणांवर शिक्के मारायला बसवलं, सावलीत, स्टुलावर. "नवरदेव बसलाय," असं कल्लप्पा येता-जाता म्हणायचा. त्याच्या हातची तंबाखूसुद्धा घ्यायचा नाही.

चौऱ्याहत्तर साली दवाखान्यात एक तरुण डॉक्टर आले. शिंका कुणाला येतात, पित्त कुणाला उठतं, घरात कॅन्सर कुणाला झाला होता, हे ते वहीत लिहून घेत. धोंडप्पानं कारण विचारलं. ते म्हणाले, ज्यांचं शरीर धुळीवरही चवताळून उठतं त्यांच्यात काही कॅन्सर कमी दिसतात, असं परदेशातल्या काही डॉक्टरांना वाटतं. शरीराची राखण जास्त जागी असेल. पण खात्रीनं कुणीच सांगू शकत नाही. धोंडप्पानं 'पण'च्या आधीचं तेवढं उचललं आणि गिरणीभर वाटलं.

"माझं रक्त जागं हाय," तो चहाच्या टपरीवर म्हणाला. "कल्लप्पाअण्णाचं घोरतंय."

सगळे हसले. कल्लप्पा हसला नाही. त्याच्या डाव्या गालाला आतून तीन महिने एक चट्टा होता. भाकरी लागली की झोंबायचा. दाढ दुखते असं बायकोला, बसव्वाला, सांगून तो भाकरी दुधात कुस्करून खायचा. दवाखान्यात जायचं म्हणजे धोंडप्पाच्या रांगेत उभं राहायचं. मेलेलं बरं.

त्या दिवसापासून मात्र त्याची अक्कल गहाण पडली. गाठ फोडताना तो मुद्दाम तोंड खाली घालून तूस ओढायचा. शिंक येईना. घरी तपकीर ओढून पाहिली. एक आली, ती तपकिरीची होती, हे त्यालाही कळत होतं. बावीस वर्षं ज्या गोष्टीवर थुंकला, तिच्यासाठी आता नाक घासत होता.

चट्टा जिभेला टणक लागू लागला, तेव्हा पाळीचं काम पुरं करून तो रांगेत उभा राहिला. पुढं धोंडप्पा होताच. औषध घेऊनही तो दारात रेंगाळला.

डॉक्टरांनी गालात बोट फिरवलं. वही उघडली. "शिंका येतात?"

"येतात की. लई येतात," कल्लप्पा म्हणाला.

धोंडप्पा दारातून आत आला. "खोटं बोलतोय साहेब. ह्यो जन्मात शिंकला न्हाय. औषध चुकंल, खरं तेच लिवा."

डॉक्टरांनी वही मिटली. "शिंका येत असत्या तरी मी हेच सांगितलं असतं. उद्याच मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात जाऊन तपासून घ्या. तंबाखू आजपासून बंद." मग धोंडप्पाकडं वळून म्हणाले, "तुमचीही."

धोंडप्पाचं तोंड उतरलं. कल्लप्पाला त्यातल्या त्यात तेवढंच बरं वाटलं.

डॉक्टरांनी मिरजेसाठी दिलेली चिठ्ठी त्यानं दोनदा घडी घालून खिशात ठेवली. बाहेर आल्यावर धोंडप्पा म्हणाला, "अण्णा, मी येतो संगं. तिथली वाट मला म्हायती हाय."

"दवाखान्याची वाट तुला म्हायती नसंल तर कुणाला असंल?"

कल्लप्पानं ओल्या कापसाकडं बघावं तसं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. अजूनही त्याला हा माणूस एका गाठीचाही वाटत नव्हता. पण एकट्यानं जायची छाती नव्हती.

"ये," तो म्हणाला. "पण एस.टी.त माझ्या तोंडावर शिंकायचं न्हाय."